पैनगंगेकाठचा व्यवहार: आदिलाबाद जिल्ह्याची बाजारपेठ आणि आपल्या चालीरीती

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांचे पोट प्रामुख्याने कापसावर आणि कापसाभोवतीच्या व्यापारावर चालते. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-हिंदीची सरमिसळ आणि कचेरीत तेलुगू कागद, अशी आपली रोजची रीत आहे. नोकरीनिमित्त हैदराबाद, नागपूर, पुणे येथे गेलेली आपली मुले वारंवार विचारतात की गावचा व्यवहार नेमका चालतो कसा. मक्ता म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, पासबुकाला एवढे महत्त्व का, हे त्यांना एका जागी वाचायला मिळावे म्हणून सभासदांसाठी आम्ही ही माहिती संकलित केली आहे.

नदी, नाका आणि दोन नाणी

जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड. इंग्रजी अमलात वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता, तर आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे ही नदी ओलांडणे म्हणजे एका अर्थाने परमुलखात जाणे होते. पलीकडे कंपनी सरकारच्या काळापासूनचा कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशेब असे. मालावर संस्थानची जकात बसे. तिला करोडगिरी म्हणत. कचेरीचा कारभार उर्दूत आणि साल फसली. दप्तर, दाखला, जमाबंदी, पेशकार हे शब्द आपल्या बोलण्यात त्या काळापासून रुळले आहेत.

तरीही सोयरीक, बैल, कापूस आणि कर्ज नदीच्या दोन्ही अंगांनी चालूच राहिले. नकाशावरची सीमा एक आणि व्यवहाराची सीमा वेगळी, हे आपल्या भागाचे जुने वैशिष्ट्य आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. त्याच कायद्याने नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले तेलंगणाच्या बाजूला आली. एकाच घरातील थोरला भाऊ महाराष्ट्रात आणि धाकटा आंध्र प्रदेशात, अशी वाटणी कित्येक कुटुंबांची झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळा झाला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. मुधोळ-भैंसा भाग आज निर्मल जिल्ह्यात आहे. या लेखात जुना जिल्हा धरूनच आम्ही बोलत आहोत, कारण नातीगोती आणि बाजार अजून त्याच हद्दीने चालतात.

आदिलाबाद शहरापासून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूर सुमारे २००. राष्ट्रीय महामार्ग ४४ दोन्हीकडे नेतो. रेल्वेने हैदराबादला जायचे तर गाडी आधी किनवट-मुदखेड मार्गे महाराष्ट्रात शिरते आणि मग पुन्हा तेलंगणात येते. दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि सोने यांसाठी आपली माणसे नागपूर, यवतमाळ, नांदेडकडे का वळतात, याचे उत्तर बरेचसे या अंतरात आहे.

पांढरे सोने

जिल्ह्याच्या मैदानी भागात काळी कसदार जमीन आहे. जैनद, बेला, तामसी, आदिलाबाद या मंडलांत खरिपात पऱ्हाटीच पऱ्हाटी दिसते. जोडीला सोयाबीन आणि तूर. जुन्या पिढीचे मुख्य धान्य ज्वारी, तिचे क्षेत्र मात्र कापसाने खाल्ले.

बोंडातून वेचून आणलेल्या कापसात रुई सुमारे एक तृतीयांश, बाकी बहुतेक सरकी. जिनिंगमध्ये दोन्ही वेगळी होतात. रुई प्रेसिंगमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधतात. म्हणजे एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचे तेल निघते आणि उरलेली ढेप आपल्याच गुरांच्या दावणीला परत येते. रुईचा भाव खंडीवर बोलला जातो. ही खंडी सुमारे ३५६ किलोची. शेतकऱ्याचा भाव क्विंटलवर आणि व्यापाऱ्याचा खंडीवर, म्हणून खंडीचा भाव चढला तरी क्विंटलचा का चढला नाही, हे शेतकऱ्याला सहज समजत नाही. रुईबरोबर सरकीचा भावही विचारावा. दोन्ही मिळून कापसाचा भाव ठरतो.

आदिलाबादच्या बाजार समितीत खाजगी व्यापारी आणि भारतीय कापूस महामंडळ असे दोन प्रकारचे खरेदीदार असतात. गंमत अशी की आपल्याकडे ‘सीसीआय’ म्हटले की दोन अर्थ होतात. एक कापूस महामंडळ आणि दुसरी सिमेंट कॉर्पोरेशन, जिचा आदिलाबादचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला. तो बंद पडल्यावर जिनिंग सोडली तर मोठी कारखानदारी शहरात उरली नाही आणि कापसावरचा भार आणखी वाढला.

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये आहे. हा भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंतच्या मालाला मिळतो. त्यापुढे दर एक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर महामंडळ माल घेत नाही. म्हणजे लांब धाग्याचा बारा टक्के ओलाव्याचा माल क्विंटलला सुमारे ३२४ रुपयांनी खाली येतो. चाळीस क्विंटलची गाडी असेल तर जवळपास १३,००० रुपये गेले. म्हणून सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच बोऱ्यात भरू नये, ताडपत्रीवर ऊन दाखवावे. जुन्या बाया दव ओसरल्यावरच वेचायला जात. त्यामागे हाच हिशेब होता.

वर्षाचे चक्र आणि चालीरीती

आपले व्यापारी वर्ष पंचांगावर चालते आणि त्यातले बरेच दिवस तेलुगू शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहेत.

गुढीपाडवा म्हणजेच उगादी. या दिवशी सालगडी ठरतो. वर्षाचे पैसे, धान्य, कपडालत्ता आणि पहिली उचल यांची बोली होते. शेत मक्त्याने घ्यायचे असेल तर तीही बोलणी पाडव्याच्या आगेमागे होतात. एका गोष्टीची आठवण येथे देणे आवश्यक आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे. उचल फिटली नाही म्हणून गड्याला किंवा त्याच्या मुलाला कामाला जुंपता येत नाही.

मृग लागला की पेरणी. बी-खताची उधारी याच सुमारास चढते. पोळ्याला बैलांना विश्रांती असते. तेलुगू मंडळी या दिवसाला पोलाला अमावस्या म्हणतात. पूर्वी बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत. मालकाला विसार दिला की सौदा पक्का. दुसऱ्या दिवशी कोणी जास्त रक्कम दिली तरी बैल फिरवायचा नाही, असा रिवाज होता.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते. वऱ्हाडाकडून आलेल्या घरांत पहिल्या वेचणीला सीतादही करतात आणि शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि हंगामात पैनगंगेपलीकडून व किनवटकडून मजूर येतात. बाजारात पहिल्या दिवशी काट्याची पूजा होते. पहिला माल आणणाऱ्या शेतकऱ्याला नारळ आणि शेला देण्याची पद्धत आहे. सकाळच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो, तेलुगूत बोणी. भवानीला उधार द्यायचे नाही, हा नियम दोन्ही भाषांत एकच.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीपूजन. लाल कापडाची वही, पहिल्या पानावर ‘श्री’, मग शुभ-लाभ. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचेच वर्ष एप्रिल ते मार्च झाले. त्यामुळे दिवाळीची वही आता बरीचशी श्रद्धेची उरली आहे. तरी जुन्या उधारीची आठवण देण्याचा मान अजून दिवाळीलाच आहे. आधी फराळाचे बोलावणे येते आणि मग हळूच बाकीचा आकडा निघतो.

कार्तिकात जैनदच्या लक्ष्मीनारायणाची जत्रा, पौष अमावस्येला केसलापूरला मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा. भांडी, घोंगड्या, शेतीची अवजारे, खेळणी यांच्या कितीतरी दुकानदारांची वर्षाची मोठी कमाई या जत्रांत होते.

उधारी, उचल आणि शब्द

कृषी केंद्रावरून बी, खत, औषध उधार न्यायचे आणि कापूस त्याच दुकानदाराच्या किंवा त्याने सांगितलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायचा, ही पद्धत जिल्हाभर आहे. तिला नावे ठेवणे सोपे आहे. बँक पीककर्ज देईपर्यंत मृग निघून जातो आणि दुकानदार मात्र त्याच दिवशी पोते देतो. तरीही हिशेब मांडून पाहावा. व्याज ‘शेकडा तीन’ म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असते, म्हणजे सालाचे छत्तीस टक्के. समजा जूनमध्ये पन्नास हजारांचे सामान घेतले आणि डिसेंबरात फेडले, तर व्याजच नऊ हजार झाले. त्यात कापूस त्याच काट्यावर घालताना क्विंटलला चारशे रुपये कमी मिळाले आणि माल वीस क्विंटल असला, तर आणखी आठ हजार गेले. दोन्ही मिळून सतरा हजार. उधारीची खरी किंमत ही आहे.

उधारीवर बी घेताना पक्के बिल बहुधा मागितले जात नाही. तणनाशक सहन करणारे म्हणून गुपचूप विकले जाणारे कापसाचे बी सरकारमान्य नाही. अशा पाकिटाला बिल नसते आणि बी उगवले नाही तर दाद मागायला जागा नसते. बिल, पाकीट आणि त्यावरचा लॉट नंबर पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावा.

मक्ता आणि पासबुक

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. आपल्या समाजातील बरीच कुटुंबे दुसऱ्याची जमीन मक्त्याने किंवा बटईने कसतात. मक्त्यात रोख रक्कम आधी ठरते, बटईत पिकाचा वाटा. दोन्ही व्यवहार तोंडी होतात. चार माणसांसमोर सुपारी फोडली की झाले.

लिहून का देत नाहीत? यामागे जुने कारण आहे. १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा मराठवाडा आणि तेलंगणा या दोन्ही भागांना लागू झाला. त्यात संरक्षित कुळाला मोठे हक्क मिळाले आणि कित्येक कुळे मालक झाली. तेव्हापासून कागद दिला तर जमीन जाईल, ही भीती मालकांच्या मनात बसली. कसणाऱ्यानेही कागदाचा आग्रह धरला नाही, कारण आग्रह धरला तर पुढच्या पाडव्याला शेत दुसऱ्याकडे जाते.

एके काळी या तोंडी व्यवहाराने फारसे बिघडत नव्हते. पीक कसणाऱ्याच्या हातात असे आणि बाजारात त्याला कोणी कागद विचारत नसे. आता तसे राहिले नाही. तेलंगणात मे २०१८ मध्ये रैतू बंधू योजना आली. सुरुवातीला हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढे ५,००० आणि जानेवारी २०२५ पासून रैतू भरोसा या नावाने ६,००० रुपये. हे पैसे पट्टादार पासबुकावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. २०१८ मध्येच रैतू बीमा सुरू झाला. १८ ते ५९ वयाचा पट्टादार शेतकरी कोणत्याही कारणाने वारला तरी वारसाला पाच लाख रुपये मिळतात. येथेही अट पासबुकाचीच. कापूस महामंडळाची खरेदीसुद्धा आधार, पासबुक आणि पीक नोंद पाहून होते.

म्हणजे दहा एकर मक्त्याने कसणारा माणूस बियाणे, खत, मजुरी आणि पावसाची जोखीम सगळी आपल्या डोक्यावर घेतो. वर्षाचे एक लाख वीस हजार मात्र मालकाच्या खात्यात पडतात. कूळ म्हणून नोंद नसेल तर कापूस मालकाच्या पासबुकावर घालावा लागतो आणि पैसे मालकाच्या खात्यातून यायची वाट पाहावी लागते. तो माणूस उद्या गेला, तर त्याच्या पत्नीच्या हाती विम्याचे पाच लाख येत नाहीत, उधारीची वही तेवढी येते. आपल्या वाड्या-वस्त्यांवर असे घडते. संयुक्त आंध्र प्रदेशात २०११ साली कुळांना कर्जपात्रता कार्ड देणारा कायदा झाला, पण मालकांची भीती त्यानेही गेली नाही.

नदीच्या दोन बाजूंचे कागद

दोन्हीकडे जमीन किंवा सोयरे असलेल्या कुटुंबांसाठी थोडी तुलना देतो.

महाराष्ट्रात सातबारा आणि आठ-अ, तेलंगणात पट्टादार पासबुक. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते. पासबुकावर मालकी दिसते आणि पिकाची नोंद कृषी विस्तार अधिकारी वेगळी करतो. महाराष्ट्रात मोजणी हेक्टर-आरमध्ये, इकडे एकर-गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि अडीच एकरांना थोडा कमी असा एक हेक्टर. महाराष्ट्रात तालुका आणि तहसील, इकडे १९८० च्या दशकापासून मंडल. लोक अजून ‘एमआरओ ऑफिस’ म्हणतात. तलाठ्यासारखा गावचा माणूस म्हणजे आधी पटवारी आणि नंतर व्हीआरओ. व्हीआरओ हे पद २०२० मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी धरणी पोर्टल आले आणि २०२५ मध्ये त्याची जागा भू भारतीने घेतली. दाखल्यांसाठी तिकडे सेतू किंवा आपले सरकार केंद्र, इकडे मीसेवा.

विम्यातही फरक आहे. महाराष्ट्रातील गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख रुपये मिळतात, पण मृत्यू अपघाती असावा लागतो. मात्र तेथे खातेदाराच्या घरातील एका माणसालाही संरक्षण आहे. पीक विम्याच्या प्रधानमंत्री योजनेतून तेलंगणा २०२० मध्ये बाहेर पडले. त्यामुळे पलीकडच्या मेहुण्याला विमा मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल असे धरू नये.

दोन कागदांचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणजे जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्या सीमेवरची चौदा गावे. परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा ही त्यांतली काही. दोन्ही राज्यांचा दावा असल्याने तेथे दोन्हीकडच्या शाळा, दोन रेशनकार्डे आणि दोन मतदार याद्या आहेत. बाहेरच्या माणसाला ही चैन वाटते. पण वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा पक्का पट्टा हाच तेथील लोकांचा मोठा प्रश्न राहिला आहे. दोन सरकारांचे कार्ड असूनही जमिनीचा कागद नाही, तर कर्ज मिळत नाही.

एजन्सी भागातील मर्यादा

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. तेथे १९५९ चा विनियम आणि त्याची १९७० ची दुरुस्ती लागू आहे. बिगर आदिवासीला तेथे जमीन विकत घेता येत नाही आणि असा व्यवहार झालाच तर तो रद्दबातल ठरतो. ‘साध्या कागदावर’ जमीन देतो असे कोणी म्हटले तर पैसे गुंतवू नयेत.

हा नियम का झाला, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. गोंड, कोलाम, परधान यांच्या जमिनी सावकारी आणि फसव्या कागदांतून गेल्या. सवाई-दिढीने धान्य देऊन अंगठा घेणाऱ्यांत मराठी, तेलुगू, मारवाडी असे सर्व बाजूंचे लोक होते. याच दुखण्यातून १९४० मध्ये कोमरम भीम यांचा लढा झाला आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. इंद्रवेल्लीच्या बाजारात दुकान लावणाऱ्या आपल्या माणसाने हे विसरू नये. मक्त्यात कागद नसल्याने आपण नाडलो जातो आणि तेथे खोट्या कागदाने दुसरे नाडले गेले.

घरात काय असावे

शब्द पाळणे ही आपल्या बाजाराची पुंजी आहे. ती सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण शब्दाची आठवण म्हणून थोडे लिहून ठेवावे.

मक्त्याचे पैसे देताना तारीख आणि गट किंवा सर्वे नंबर लिहून मालकाची सही असलेली पावती घ्यावी. रैतू भरोसाचे पैसे कोणाचे, हे बोलीच्या वेळीच ठरवावे आणि तेवढी रक्कम मक्त्यातून वजा करावी. काही समजूतदार मालक असे करतात. पेरणी झाली की कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे पीक आपल्या नावाने नोंदवता येते का ते विचारावे. काट्यावरून पट्टी घेतल्याशिवाय निघू नये आणि पट्टीवर वजन, भाव, ओलावा, कपात चारही आकडे पाहावेत. वडिलोपार्जित जमीन आजोबांच्याच नावावर असेल तर वारस नोंद आता करून घ्यावी. मेलेल्या माणसाच्या पासबुकावर बीमा मिळत नाही.

मालक असलेल्या सभासदांनाही आमची विनंती आहे. पावतीने जमीन जात नाही. ज्याच्या घामावर आपला मक्ता येतो, त्याच्या लेकराबाळांना उद्या काही मागता यावे एवढा कागद त्याला द्यावा. बोली करायला पाडवा हाच दिवस आहे. त्या दिवशी सुपारीबरोबर एक वही आणि पेनही समोर ठेवावे.